फळ्यावरचा अकरावा विषय

सोलापूरच्या शेती संशोधन केंद्रातून निघताना आमच्या साहेबांनी एकच गोष्ट मला तीनदा सांगितली. "आपला बांधांचा विषय पहिल्या तिनांत आला पाहिजे." बंगळूरला जमीन, पाणी आणि जंगल यांचे अभ्यासक जमणार होते आणि पुढची काही वर्षे संशोधन कशावर करायचे, याचा क्रम लावणार होते. काळ्या जमिनीत बांध घातले की पावसाळ्यात पाणी तुंबते आणि पीक पिवळे पडते. त्याच्या चाचण्या मी सहा वर्षे पाहत होतो. साहेब आजारी पडले म्हणून माझी वर्णी लागली. साठ साल उलटून थोडेच दिवस झाले होते.

गुंटकलला उतरून लहान रुळांची गाडी पकडली. पुढे खिडकीबाहेर लाल माती सुरू झाली. काळ्या रानात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला ती नुकत्याच भाजलेल्या विटेसारखी दिसली. प्रत्येक उताराच्या पायथ्याशी एक तळे, खाली भाताची खाचरे, वरच्या अंगाला नाचणी. ही तळी माणसांनी बांधलेली आहेत, हे नंतर कळले.

मुक्काम जयनगरात, साहेबांच्या ओळखीच्या राघवेंद्ररावांकडे होता. जयनगर तेव्हा नवे होते. दोन घरांच्या मध्ये अजून शेते दिसत. राघवेंद्रराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. त्यांचे मराठी घराणे तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणे.

"स्वल्प (थोडी) हुळी घ्या भातावर," अक्का म्हणाल्या. "कोरडा भात खाऊ नका." हुळी म्हणजे चिंच आणि भाज्या घातलेली दाट आमटी. मी तीनदा घेतली.

बैठक सोमवारी होती. रविवारी राघवेंद्रराव मला शहराबाहेरच्या एका तळ्यावर घेऊन गेले. त्या तळ्याचा नकाशा त्यांनी तरुणपणी काढला होता. बांधावर मुनियप्पा भेटला. तो तिथला नीरगंटी (तळ्याचे पाणी शेतांना वाटून देणारा गावचा माणूस). त्याला मराठी येत नव्हते, मला कन्नड येत नव्हते. राघवेंद्रराव दोघांचे एकमेकांना सांगत होते.

मातीचा नमुना घ्यावा म्हणून मी काठावर उतरलो आणि गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो. मुनियप्पाने काठी पुढे करून मला ओढून काढले. एक बूट मात्र आतच राहिला.

"तुम्ही काय शोधता?" त्याने विचारले. मी बांध आणि तुंबणाऱ्या पाण्याविषयी सांगितले.

"पाणी तुंबलं की तिथले शेतकरी काय करतात?"

"एका कोपऱ्यात बांध फोडून वाट करतात."

"पीक वाचतं?"

"वाचतं."

"मग शोधायचं काय राहिलं?"

राघवेंद्ररावांनी हे भाषांतर जरा सौम्य करून सांगितले असावे, तरी मला झोंबले. मुनियप्पा मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, पूर्वी उन्हाळ्यात सगळे गाव गाळ काढून शेतात टाकायचे. तळे सरकारकडे गेल्यापासून कोणी हात लावत नाही. "पाणी कसं सोडायचं ते मला कळतं. हल्ली इतका गाळ कुठून येतो, ते कळत नाही. असंच चाललं तर माझ्या मुलाला वाटायला पाणी उरणार नाही."

सोमवारी मी राघवेंद्ररावांचे बूट, टोकांत कागद कोंबून, घालून गेलो. फळ्यावर खडूने दहा विषय लिहिले होते. आमचे बांध दुसऱ्या ओळीत होते. कोणी हात वर केला नसता तर तिथेच राहिले असते. तळ्यांतला गाळ यादीत कुठेच नव्हता. मी उठून तो सुचवला.

अध्यक्ष वयस्क, मितभाषी गृहस्थ होते. "माणसं आणि साधनं दहा विषयांपुरतीच आहेत," ते म्हणाले. "अकरावा घालायचा तर एक पुसावा लागेल. कुठला पुसू?"

सभागृह माझ्याकडे पाहत होते. दुसऱ्या कोणाचा विषय पुसायला सांगणे मला शक्य नव्हते. आणि आमच्या विषयाचे उत्तर मला चौथ्याच वर्षी मिळाले होते. चाचण्या चालू होत्या, कारण त्यांवर तीन माणसांच्या नेमणुका होत्या. त्या तिघांत मीही होतो.

"दुसऱ्या ओळीतला," मी म्हणालो.

अध्यक्षांनी ओला फडका उचलला. गाळाचा विषय दहाव्या जागी गेला.

सोलापूरला परतल्यावर साहेबांनी सगळे शांतपणे ऐकले. "मी एकच काम सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही. हंगाम संपताच चाचण्या बंद झाल्या. माझे दोन्ही सहकारी दूरच्या तालुक्यांत बदलून गेले. त्यातल्या एकाने मला नंतर पत्र लिहिले नाही, आणि त्याचा राग मला समजतो.

शेवटचा अहवाल मी चार दिवसांत लिहिला. त्यात शेतकरी बांध कुठे आणि केव्हा फोडतात ते गावांच्या नावांसह मांडले आणि खात्याने बांध घालतानाच तशी वाट ठेवावी, अशी शिफारस केली. सहा वर्षे आम्ही त्या फोडलेल्या बांधांची नोंद 'नुकसान' या सदरात करत होतो.