अध्यक्षांना एको हवा होता

"मॅडम, आवाज मारून टाकलात तुमी," गंगाधरराव स्टेजवरून म्हणाले. "हॅलो म्हणलं की नुसतं हॅलोच ऐकू यायलंय."

मला वाटलं, कौतुक आहे. ते नव्हतं.

मी अकूस्टिक कन्सल्टंट. हॉलमध्ये बोललेलं शेवटच्या खुर्चीपर्यंत नीट पोचवणं, एवढंच माझं काम. पुण्या-मुंबईची मोठी नाट्यगृहं केली, पण एको परत मागणारा माणूस परभणीतच भेटला. गंगाधरराव इथल्या नाट्यगृह समितीचे अध्यक्ष. हॉलच्या भिंतींना गुळगुळीत टाइल्स होत्या. आवाज त्यांवर आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दावर चढून बसायचा. पाचव्या रांगेच्या मागे नाटक कळत नसे. मी भिंतींना कापडाने मढवलेली मऊ पॅनल्स लावली. ती परत येणारा आवाज पिऊन टाकतात. तीन महिने गेले त्यात.

"भाषणाला वजन राहिलं न्हाई," ते म्हणाले. "पॅनल काढून टाका."

माझं डोकं फिरलं. तरी शांतपणे म्हणाले, "आधी लोक बसवून ट्रायल घेऊ. मग ठरवा."

रविवारी दुपारी हॉल भरला. शेवटच्या रांगेत जवळच्या पोखर्णी गावची भजनी मंडळी होती, त्यांनाही गायला बोलावलं होतं. माइक मी मुद्दाम बंद ठेवले. गंगाधरराव स्टेजवर आले आणि सेक्रेटरीच्या कानाशी लागून, त्यांच्या मते अगदी हळू, म्हणाले, "पोखर्णीवाल्यांना दोनच अभंग द्या. लय येळ खातेत. मग सरळ जेवायला बसवा."

शेवटच्या रांगेतून मंडळाचे म्हातारे बुवा उठले.

"गंगाधरराव, दोन अभंगांसाठी आमी पेटी-मृदंग घेऊन आलो न्हाई. चार म्हणू."

हॉल हसून लोळला.

"तिथवर ऐकू आलं?" गंगाधररावांनी विचारलं.

"शब्दन् शब्द. इतकी वर्षं तुमचा नुसता आवाज यायचा. तुमी काय म्हणता ते आज कळलं."

चार अभंग झाले, माइकशिवाय. मी मागे उभी राहून ऐकले आणि खरंच सुखावले.

नंतर गंगाधररावांनी मला विंगेत गाठलं. "पॅनल राहू द्या. आता काढले तर लोक म्हणतील, माझं बोलणं कळू नये म्हणून काढले. फक्त एक सांगा, ऐकू जाणार न्हाई अशी जागा इथं कुठंय?"

"पार्किंगमध्ये," मी म्हणाले.

तेव्हापासून कुठलाही हॉल ताब्यात देताना मी समितीला आधी स्टेजवर गप्प उभं राहायची प्रॅक्टिस करायला सांगते.