गाडीचं नाक आणि माझं तोंड

किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात आमचं गॅरेज. नवरा गाडीखाली, मी काउंटरवर. किस्से चार चाकांवर बसून येतात आणि वर हॉर्नही वाजवतात. एक सांगायला घेतला की मागचे रांग मोडून पुढे घुसतात. म्हणून आज फक्त एअर फिल्टरचे सांगते.

एअर फिल्टर म्हणजे गाडीचं नाक. दहा-पंधरा हजार किलोमीटर झाले किंवा वर्ष झालं की बदलायचा. आमच्याकडे रस्ते कायम खणलेले, म्हणून दहा हजारालाच. शंका असेल तर उन्हात धरा, आरपार उजेड दिसला नाही तर फेका. संपलं. चौथी शिकलेल्या बाईला हे कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही.

एक साहेब आले, शर्ट इन केलेले. गाडी चढावर ओढत नाही, पण फिल्टर बदलायचा नाही. म्हणे गॅरेजवाल्यांचं हे नेहमीचंच. गाडी नुसत्या पेट्रोलवर चालते, हवेशी काय संबंध?

मी काउंटरमागून उठले, त्यांचं नाक चिमटीत धरलं आणि म्हटलं, "आता तोंड मिटून मांजर्लीपर्यंत पळून या."

ते गेले. परत आले नाहीत.

त्या दिवशी जेवताना नवऱ्याने नियम घातला. दसऱ्यापर्यंत माझ्या तोंडामुळे आणखी एक जरी गिऱ्हाईक गेलं, तर काउंटरवर शिकलेली, गोड बोलणारी पगारी मुलगी बसेल आणि मी घरी. आता काउंटरची ती खुर्ची माझी आहे. माझ्या लग्नातलं कपाटसुद्धा सासूने नणंदेला दिलं; माझं म्हणावं असं एवढंच उरलंय. मी जीभ दाताखाली घेतली.

* * *

चारच दिवसांत अंबरनाथचे एक रिटायर साहेब आले. त्यांचा पक्का समज, की गॅरेजवाले एक काळा फिल्टर जपून ठेवतात आणि सगळ्यांना तोच दाखवतात. म्हणून मागच्या वेळी नवीन बसवताना त्यांनी फिल्टरच्या कडेवर पेनाने सही केली होती. खाली तारीखसुद्धा.

नवऱ्याने फिल्टर काढला. कोळसा! मी मुकाट्याने त्यांच्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, सही बघितली, खिशातून पेन्शनचं पुस्तक काढून त्यातल्या सहीशी ताडून बघितली. मग पुस्तक खिशात ठेवलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "धूळ माझी नाही."

मी पदर तोंडात कोंबला. साहेब टिकले.

* * *

मग एका ताईंची लाल गाडी. त्यांना फिल्टरही लाल हवा होता, मॅचिंग. मी काही बोलायच्या आत नवऱ्याने फोन उचलून उल्हासनगरच्या शेठला लावला. आमचा सगळा माल त्यांच्याकडून येतो. सिंधी माणूस, बोलायला मोकळा. फोन स्पीकरवर होता.

शेठ म्हणाले, "मॅडम को बोलो, लाल दूँगा, हरा भी दूँगा. बदलापूर के रोड पे महिने में सब एक कलर."

ताई हसल्या आणि साधा फिल्टर घेऊन गेल्या. हेच मी बोलले असते तर मुलाखतीला मुली बोलावल्या असत्या.

* * *

आमच्याच गल्लीतल्या शिंदेवहिनी मात्र कहर. आपला फिल्टर काळा झालाय हे त्यांना स्वतःहून दिसलं. इथपर्यंत हुशार. पण त्यांनी तो वॉशिंग मशीनमध्ये टाकला. कागदाचा फिल्टर! नाजूक कपड्यांच्या बटणावर, थोडी नीळ घालून.

पिशवीतून काढला तर ओल्या पापडासारखा लोंबत होता. फिल्टरला पंख्यासारख्या घड्या असतात, त्या सगळ्या सपाट.

"वहिनी," त्या मला म्हणाल्या, "याच्या निऱ्या सुटल्यात. तुमच्याकडे घालून मिळतील?"

मी तोंड उघडलं. नवरा घाबरून गाडीखालूनच ओरडला, "मिळतील!"

मग काय, दुपारभर तो माणूस माझ्या साडीच्या पिना लावत फिल्टरला निऱ्या घालत बसला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. माझ्या साडीच्या निऱ्या एकदा धरल्या असतील तर शपथ. शेवटी फिल्टर हातात फाटला, तेव्हा स्वतःच्या खर्चाने नवा बसवून दिला. गिऱ्हाईक टिकलं पाहिजे ना!

* * *

हे सगळं सोसलं. मग गणपतीच्या आदल्या दिवशी बदलापूर गावातले पाटीलकाका आले. यांच्या घरच्या चार गाड्या आमच्याकडे, शिवाय जावयांच्या आणि साडूंच्या. पाटील गेले तर माझी खुर्ची काय, गॅरेजच गेलं. काकी सोबत होत्या. गाडीला धाप लागत होती. दुसऱ्या दिवशी याच गाडीतून मूर्ती आणायची होती.

नवऱ्याने फिल्टरचा डबा उघडला आणि तसाच उभा राहिला. आत फिल्टर कुरतडून उंदरिणीने घरटं केलं होतं. पाच पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली.

नवऱ्याने पिल्लं उचलायला चिमटा हातात घेतला. काकींनी त्याचा हात धरला.

"हात लावायचा न्हाय. बाप्पाच्या आधी त्याचं वाहन आलंय माझ्या गाडीत."

काका म्हणाले, मग गाडी तशीच चालू करू. नवरा म्हणाला, पिल्लं आत खेचली जातील. काका म्हणाले, धक्का मारून नेऊ. काकी म्हणाल्या, बाळंतिणीला हिसके बसतील. काका म्हणाले, दुसरी गाडी घेऊ. काकी म्हणाल्या, बाप्पा आजवर दुसऱ्या गाडीत बसला नाही. तासभर हेच. नवरा काकींच्या पाठीमागून मला हात जोडून दाखवत होता, की तू बोलू नकोस.

मी बोलले.

"काकी, वाहन इथे येऊन बसलंय. मग बाप्पा तिकडून येणार कशावर? त्यालाच इथे यावं लागेल ना!"

नवरा मटकन टायरवर बसला. काकींनी बॉनेटला नमस्कार केला.

"बरोबर बोलते ही," त्या म्हणाल्या.

मी टोमणा मारला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा गणपती हातगाडीवरून वाजतगाजत गॅरेजमध्ये आला. काकींनी जागा निवडली, माझी खुर्ची. गुरुजींनी काही विचारलं नाही, त्यांना पुढे अकरा घरं होती. दीड दिवस काउंटरवर मोदक, दुर्वा आणि खाली ऑइलचे डबे. पाटलांची तीस माणसं जॅक आणि टायर सरकवून आरतीला उभी. बॉनेट अर्धं उघडं ठेवलेलं, आतल्यांना ऐकू जावं म्हणून.

ऐन आरतीत एक नवीन गिऱ्हाईक दारात थांबलं. गॅरेज आहे की देऊळ, हे त्याला ठरवता येईना. चपला काढून आत आला, हात जोडले आणि हळूच नवऱ्याला विचारलं, "एअर फिल्टर कधी बदलायचा असतो?"

नवऱ्याने टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघून मान हलवली. नको. काकींनी घंटा थांबवली.

"त्याला काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. "तिला विचार. बाप्पा तिच्या तोंडून बोलतो."

आरती थांबली. तीस माणसं माझ्याकडे वळली. नवऱ्यानेही हात जोडले.

मी पदर खोचला.