अभिरामची गप्प बसायची नोकरी

माझा नवरा अभिराम हा इंजिनीयरांचे त्रास कमी करणारा इंजिनीयर आहे. त्याची कंपनी ब्लॉकचेन बनवते. म्हणजे जगभरचे संगणक मिळून एकच हिशेब ठेवतात आणि एकमेकांवर काडीचा विश्वास ठेवत नाहीत. याचे नियम लिहिणाऱ्या हुशार मंडळींना चाचणीसाठी आपापल्या लॅपटॉपवर एक लुटुपुटूची चेन उभी करावी लागते. ती विनासायास उभी राहावी, यासाठी अभिराम पगार घेतो. घरात त्याने माझे मसाल्याचे डबे असेच विनासायास लावून दिले, तेव्हापासून मला हिंग सापडत नाही.

त्याची एक पद्धत आहे. नव्या माणसाच्या हातात लेखी सूचना द्यायच्या, शेजारी बसायचं आणि अक्षर बोलायचं नाही. तो जिथे अडेल, तिथे सूचना चुकली. पद्धत उत्तम, पण ती अभिरामला सुचावी हे नवल. आम्ही राहतो लखनौत, आणि हा माणूस अमीनाबादेत तिथल्याच रिक्षावाल्याला गल्ल्या समजावून सांगतो.

अनन्याच्या वेळी मात्र साहेबांनी सूचना नुसत्या पाठवून दिल्या. वेळ नव्हता म्हणे. अनन्या इथल्याच मानक नगरची, रेल्वेतल्या आमच्या ओळखीच्या सत्यजितरावांची मुलगी; मराठी तिला कळतं, बोलते मात्र हिंदी. अभिरामच्या कंपनीत पहिलीच नोकरी, तीही घरून. आठवडा उलटला तरी तिची चेन उभी राहीना. रविवारी ती महानगर भागातल्या आमच्या घरी आली ती नोकरी सोडते म्हणून सांगायलाच.

"सर, मुझसे नहीं होगा. सबका चलता है, बस मेरा नहीं."

अभिरामचा चेहरा उतरला. "राजीनामा उद्या दे. आज एकदा माझ्यासमोर करून दाखव. मी बोलणार नाही."

जेवणाच्या टेबलाशी ती एकेक ओळ वाचून करत गेली. अभिराम शेजारी खुर्चीचे हात आवळून बसलेला. मला खुर्चीची काळजी वाटली. शेवटी तोच एरर आला. पोरीचे डोळे भरले. अभिराम उठला, आपला लॅपटॉप घेऊन आला आणि दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून बघत राहिला.

"ही फाइल तुझ्याकडे नाही?"

"कौन सी फाइल?"

ती फाइल त्याने कधीकाळी हाताने बनवली होती. जुन्या सगळ्यांनी ती त्याच्याकडूनच घेतली होती. सूचनांत तिचा पत्ताच नव्हता. फाइल टाकली आणि चेन सुरू झाली.

"मतलब, गलती मेरी नहीं थी?"

"नाही गं. माझी होती. आणि आठवडाभर मी तुला साधं विचारलंसुद्धा नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मला तो फार आवडला.

"आता या सूचना तूच लिही," तो म्हणाला. "मी कुठे अडतच नाही, म्हणून मला दिसत नाही."

तिने नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिली ओळ वाचली.

"सर, ये 'बहुत आसान है' किसने लिखा है?"

"मी."

"हटा दूँ?"

"काढून टाक."

तिने ते खोडलं आणि दुसरी ओळ वाचायला घेतली.