उलटा भरलेला खड्डा

मातीच्या कचेरीत त्याला सगळे घूस म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही नव्हतं. माती तपासणारे साहेब आले नि गेले, खड्डा मात्र तीस वर्षं घुशीनंच खणला. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, पुरुषभर खोल. साहेब आत उतरून भिंतीवरचे थर मोजायचे. वर काळी, तिच्याखाली पिवळी चिकण, तळाला चुनखडी. त्यांच्या पिशव्या भरल्या की घूस खड्डा बुजवायचा. खालचं आधी, वरचं शेवटी. काळी पुन्हा वर आली पाहिजे, नाहीतर तिथं कुसळ उगवत नाही. "बायकोशी भांडा हवं तर," नव्या गड्यांना तो सांगायचा, "थरांशी नको. बायको विसरते तरी."

हे तो एकदा चूक करून शिकला होता.

नोकरीचं पहिलं साल. वस्तीपासून लांब एक शेत. साहेब जीपमधून हॉर्न वाजवत होते आणि काळीचा ढीग हाताशी होता. घुशीनं तोच आधी लोटला, वर पिवळं थापलं आणि पळाला. त्याच आठवड्यात त्या शेताचा मालक, बायको माहेरी असताना, कुणाला न सांगता घर सोडून गेला. ती परतली तेव्हा नवरा नव्हता, आणि शेतात माणूस निजेल एवढी पिवळी जागा होती. नवऱ्याचं धाकट्या दिराशी बांधावरून भांडण होतंच. दिरानंच मारून तिथं पुरला म्हणायला लोकांना आणखी काय हवं?

नांगर त्या जागेला वळसा घालू लागला. खताची पाटी तिथं कुणी रिकामी करेना. म्हणून तिथं काही उगवेना, आणि उगवेना म्हणून लोकांची खात्री पटत गेली.

दोन वर्षांनी शेजारच्या शेतात खणताना घुशीनं हे ऐकलं. बोललो तर नोकरी जाईल, म्हणून मूग गिळून बसला. त्या खड्ड्यात कुणी नाही हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी कुठंही पहिलं फावडं मारताना त्याला वाटे, आता पातं मऊ कशाला तरी लागणार.

नोकरीचा शेवटचा महिना उरला तेव्हा तो फावडं घेऊन त्या बाईच्या शेतावर गेला.

"ताई, तो खड्डा माझा आहे," म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

ती बांधावर बसून ऐकत होती. पिवळ्या जागेच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, ताजा भरलेला.

"दिराच्या पोरांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"कुणी नाही पाठवलं. खणून दाखवतो."

"खणा. हाड लागलं तर तुमचंही तिथंच ठेवीन."

छातीपर्यंत पिवळं आणि चुनखडी निघाली. मग काळी, दमट, इतकी वर्षं कोंडलेली, कुबट वासाची. तिच्याखाली दगडासारखा सलग तळ.

"अजून खाली?" ती म्हणाली.

"खालच्या थराला कुणाचा हातच लागलेला नाही, ताई. एकदा हललेली माती पहिल्यासारखी बसत नाही. ही हललेलीच नाही."

ती डोकावून बघत राहिली.

"मग हे कुठं गेले?"

"ते मला नाही माहीत."

"भाऊजी मरताना पाणी मागत होते," ती म्हणाली. "मी भिंतीपलीकडंच होते. उठले नाही."

तो वर आला आणि पिवळ्या ढिगात फावडं घातलं. तिनं दांडा धरला.

"होता तसा भरा."

"पुन्हा काही उगवणार नाही मग. नीट भरतो, खत घालतो. दोन-तीन वर्षांत..."

"तीस वर्षं रोज इथं बसून ह्यांच्याशी बोलले. भांडलेसुद्धा. उद्यापासून काय पिकाशी भांडू?"

"पण आत कुणी नाही. तुम्ही बघितलंत ना."

"बघितलं. भरा."

त्यानं काळी आधी लोटायला घेतली. दोनदा सवयीनं फावडं पिवळ्याकडे वळलं. दोन्ही वेळा तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.