फळ्यावर आईचं नाव

काल दुपारी परभणीच्या घरी बसून मी फोनवर वेब फीड लावून घेतलं... स्वतःच! हव्या त्या साइट्स निवडल्या की त्यांच्या ताज्या बातम्या एका जागी येतात, पुढे शेअरही करता येतात. प्रत्येकीखाली कोणी दिली आणि केव्हा, तेही असतं.

मला हसू आलं. असं फीड तर विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींच्या दिवसांत आम्ही पूर्णेत रोज वाचायचो...

आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. स्टेशनबाहेर बसवअप्पांचं चहाचं हॉटेल होतं, दारात काळा फळा. गाडीनं आलेली माणसं सांगतील ती बातमी अप्पा खडूनं लिहायचे आणि खाली सांगणाऱ्याचं नाव. पण त्यानं स्वतः पाहिलेलं असेल तरच. जाता-येता सगळी वस्ती तो फळा वाचायची.

एकदा ताई नांदेडहून पॅसेंजरनं येणार होती. गाडी आलीच नाही, स्टेशनातला फोनही बंद. कॉन्व्हेंटला सुट्टी होती, म्हणून आईबरोबर मीही हॉटेलपाशी थांबले होते...

तेवढ्यात एक जण ओरडत आला, "अप्पा, लिवा! नांदेडची गाडी पेटिवली!"

आई अप्पांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तू बघितलं का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई, समदे म्हणायलेत."

"मंग समद्यायला घेऊन ये. चहा पाजतो."

"लय शाने झालात अप्पा! रेडिओ हाव का तुमी?" लोक चिडले. अप्पांनी खडू खिशात टाकला आणि कपबशा विसळायला लागले.

बऱ्याच वेळानं नांदेडच्या वाटेवरच्या चुडावा स्टेशनाकडून रुळांवरून ढकलत आणलेली ट्रॉली आली. तिच्यावरचे रूळदुरुस्तीचे मुकादम म्हणाले, "इंजिन बिघडलंय. गाडी चुडाव्यात उभी हाय, म्या बघून आलो. लोकं शेंगा खायलेत निवांत."

अप्पांनी लगेच लिहिलं. आईनं ते वाचलं, पुन्हा वाचलं... आणि मग रडली.

संध्याकाळी गाडी आली. ताईचा हात घट्ट धरून आई प्लॅटफॉर्मवरून थेट हॉटेलपाशी आली.

"वैनी, समदे सुखरूप का?" अप्पांनी विचारलं. "डोळ्यानं बघितलं न्हवं? मंग नाव तुमचंच पडंल."

'गाडी पोचली. सर्व सुखरूप. सुमनबाई.'

आईचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. पण त्या संध्याकाळी तिच्या नावावर भरवसा ठेवून वस्तीतली कितीतरी घरं निवांत जेवली... अप्पा, तुमचे हे उपकार मोठे आहेत.