चारशे रुपयांची रद्दी

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि सर्वांत जास्त राग माझा मलाच येतो.

मी तेव्हा मुलुंडला उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि साठीच्या एक बाई ठाण्यात आल्या. मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्या शिवणकामावर चाललेलं. सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचा सहा नंबरचा छोटा गाळा होता. गावाहून परत येऊन बघतात तर कुलूप तोडलेलं, शिलाई मशीन जागच्या जागी आणि कपाट रिकामं.

"कपाटात काय होतं?"

"ब्लाउजांची पेपर कटिंग, मापाने कापलेले कागद. तीनेकशे असतील."

मी पेन खाली ठेवलं. मशीन सोडून कागद नेणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. तरीही चोरीची फिर्याद घेतली.

दुपारी वॉचमनने मला बाजूला घेतलं. "साहेब, माझं नाव नको. रंगकामाच्या ठेकेदाराच्या माणसांनी शनिवारी इथून टेम्पो भरला."

ठेकेदाराच्या सुपरवायझरला बोलावलं. बाईंचा गाळा आम्ही उघडलाच नाही, असं तो तासभर सांगत राहिला. शेवटी मी विचारलं, "तुला कुठला गाळा रिकामा करायला सांगितला होता?"

"नऊ नंबर."

"मग नऊ नंबरमधलं सामान अजून तिथेच कसं?"

तो डोकं खाजवू लागला. मग म्हणाला, "साहेब, इंग्रजी सहाची पाटी एका खिळ्यावर उलटी लटकत होती. आम्हाला नऊ वाटलं."

"आणि आत मशीन दिसलं नाही?"

"दिसलं ना. म्हणून तर मशीन नेलं नाही. कागदच होते साहेब, त्यात काय सोनं होतं?"

टेम्पो गोवंडीला भंगारवाल्याकडे गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक माल पुढे लगद्यासाठी रवाना झाला होता. एक ओलं पोतं तेवढं हाती लागलं. पंचनाम्यात मालाची किंमत लिहावी लागते. भंगारवाला म्हणाला, चाळीस किलो आलं, दहा रुपये किलो. मी लिहिलं, 'जुनी रद्दी, अंदाजे चारशे रुपये', आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

पोतं ओळखायला बाई आल्या. त्यांनी एक कटिंग टेबलावर पसरलं. त्याची डावी बाजू उजवीसारखी नव्हती. त्यांची बरीच गिऱ्हाइकं म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्तन काढलेल्या बायका. प्रत्येकीचं माप वेगळं, आतल्या पॅडचा कप्पा वेगळा, चार-पाच वेळा घालून बघितल्याशिवाय कटिंग जमत नसे. तयार ब्लाउज त्यांना चालत नाही.

"ही रद्दी नाय, साहेबांनू," त्या म्हणाल्या. "माझ्या बायकांची अंगां आसत ही."

मला ते समजलं. पण पंचनामा पुरा झाला होता, पुरवणी जबाब लिहायचा कंटाळा आला होता. आकडा तसाच राहिला.

चोरीचा हेतू नव्हता, म्हणून गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असा अहवाल पाठवून आम्ही मोकळे झालो. बाईंनी ठेकेदारावर हलगर्जीपणाबद्दल भरपाईचा दावा लावला. मी निवृत्त झाल्यावर त्यात मला साक्षीचं समन्स आलं.

ठेकेदाराचे वकील पंचनामा नाचवत म्हणाले, "पोलिसांनीच किंमत चारशे लावली आहे. आकडा तुमचाच ना?"

"भंगारवाल्याचा. मी फक्त लिहिला," मी म्हणालो. "बाईंनी खरी हकीकत तेव्हाच सांगितली होती. मी ती लिहून घेतली नाही."

वकिलांनी मग बाईंकडे गिऱ्हाइकांची नावं मागितली. बाईंनी साफ नकार दिला. पुराव्याशिवाय दावा टिकणार नाही, हे न्यायाधीशांनी समजावून सांगितलं, तरी नाहीच. बाहेर आल्यावर मी वैतागून म्हणालो, "मावशी, दोन नावं द्या ना!"

"कोणाकोणाच्या सासरी ऑपरेशनचा ठावूक नाय," त्या म्हणाल्या. "मी कशी सांगू?"

पुढच्या तारखेला त्या गिऱ्हाइकांपैकी दोघीजणी आपणहून आल्या. त्यांना ही बातमी कुणाकडून लागली देव जाणे. एक बँकेत अधिकारी होती. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "ऑपरेशननंतर मी साडी नेसणं सोडलं होतं. या बाईंनी पाच वेळा माप घेऊन मला परत नेसायला लावली." दुसरीनेही तेच सांगितलं.

त्यानंतर कागदाच्या वजनाची गोष्ट कुणी काढली नाही. प्रत्येक कटिंग पुन्हा करायला लागणारी मेहनत आणि बुडालेलं काम धरून न्यायालयाने भरपाई दिली. मागितली त्याच्या निम्मीही नव्हती. तोवर बाईंची नजर अधू झाली होती आणि त्यांच्या गिऱ्हाइकांतल्या काही बायका हयात राहिल्या नव्हत्या.

नोकरीभर मी लोकांना एकच विचारत आलो, वस्तू केवढ्याची? विचारायला हवं होतं की तिच्यावाचून तुमचं काय अडलं, आणि ती पुन्हा उभी करायला काय लागेल. उत्तर येईल ते शब्दशः लिहावं. माझ्या जुन्या ठाण्यातल्या एका नव्या उपनिरीक्षकाला मी हे सांगितलं, तेव्हा तो कुरकुरला, "सर, जबाब चार पानांचा होईल."

"होऊ दे," मी म्हणालो. "मी ती चार पानं लिहिली नाहीत, म्हणून दोन बायकांना परक्या माणसांसमोर आपलं ऑपरेशन सांगावं लागलं."