आबांच्या गळ्यापर्यंत

दाढी ही काय शिकायची गोष्ट आहे? मिसरूड फुटलं की सेफ्टी रेझरमध्ये पातं अडकवायचं, गाल खरवडायचे, तोंड पुसायचं आणि कामाला लागायचं. मीही तेच करत होतो. पण सांगलीत हळदीच्या पेठेत नोकरीला असताना, लग्नाच्या वयाचा घोडा झालेला मी, दाढी पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसलो. तीही वस्तऱ्यानं. आमच्या आबांना दुसरं काही चालत नव्हतं, म्हणून.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून पेन्शनीत आलेले. आमचं गाव दहिवडीच्या पलीकडं, माणच्या माळावर. तिथं मेंढरं जास्त आणि कर्ती माणसं कमी; बाकीची सगळी फौजेत, नाहीतर मुंबईत. आबांची दाढी रोज दिवस उगवायच्या आत व्हायची. लहानपणी मी गोधडीत पडून ती ऐकायचो. होय, ऐकायचो. खुंटीला अडकवलेल्या चामडी पट्ट्यावरून वस्तरा जायचा, यायचा. सप्‌, सप्‌. मग थोडा वेळ काहीच नाही. मग गालावरून अगदी बारीक करकर. मला वाटायचं, आबा बाहेर अंधार खरवडून काढतायत आणि म्हणून उजाडतंय. तेवढ्या वयात पोराला काहीही वाटतं.

मोठ्या दुष्काळानंतर दोन पावसाळे बरे गेले आणि आबांवरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. डॉक्टर झाले, तेलं झाली, मालीश झालं. माणूस वाचला, पण हात काही उचलेना. आणि मग दाढीचा प्रश्न उभा राहिला. गावचे न्हावी आपणहून आले, तर आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. डोक्याचे केस कापून घ्यायचे ते, पण दाढीला उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याचा हात लावू दिला नव्हता. गळ्याला परक्याचं पातं लागता कामा नये, हा त्यांचा नेमच. आईनं माझा सेफ्टी रेझर आणून पाहिला. आबा त्याला खेळणं म्हणायचे; त्यांनी तोंडच फिरवलं.

दाढी वाढत गेली. पांढरी, दाट, कडेला पेजेचे थेंब सुकलेली. आबांनी ओसरीवर यायचं सोडलं. पलटणीतले जुने सोबती भेटायला यायचे, तर हे बाजेवर भिंतीकडं तोंड फिरवून घ्यायचे आणि झोपल्याचं सोंग करायचे. आईला मात्र एकदा म्हणाले होते, आता मी माणूस नाही, अस्वल झालोय. मला हे आईनं सांगितलं तेव्हा मी चिडलो. आबांवरच चिडलो. एवढं काय अडलंय म्हातारबांचं, असं काहीतरी बोललो. आई हळू आवाजात म्हणाली, “तुज्या हातनं करून घेत्यात का बघ. पर हात बसल्याबिगर जवळ जाऊ नगंस. एकदा का रगत आलं, तर परत कुनालाच लावू द्यायची न्हाईत.”

म्हणजे संधी एकच. मी आबांचा वस्तरा आणि पट्टा आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि सांगलीची गाडी धरली.

सांगलीतली माझी खोली पेठेच्या मागच्या बोळात होती. तिथली हवाच पिवळी. सकाळी हमाल पोती हलवायला लागले की खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात हळदीचा धुरळा तरंगत राहायचा, खाली बसायचाच नाही. मी त्या उन्हात आरसा टेकवून बसायचो. खोलीत माझ्याबरोबर तासगावकडचा एक गडी राहायचा. माझ्याच दुकानात होता, जिभेला हाड नसलेला. तो अंथरुणातूनच विचारायचा, आज काय कापायचं ठरलंय, नाक का कान?

पहिल्या दिवशी मी वस्तरा पट्ट्यावर धारेच्या बाजूनं पुढं नेला आणि आबांच्या पट्ट्याला चांगली बोटभर चीर पाडली. पाठ पुढं, धार मागं, एवढं साधं! आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता, पण बघितलं कधी नव्हतं. मग दाढी करायला म्हणून स्टँडजवळच्या सलूनमध्ये जायला लागलो आणि खुर्चीत बसून आरशात न्हाव्याचा हातच बघत राहायचो. तो वैतागायचा. मान सरळ ठेवा म्हणायचा. पण मला जे पाहिजे होतं ते दिसलं: त्याचा डावा हात. मी नुसता वस्तऱ्याच्या हाताकडं बघत होतो, आणि खरं काम डाव्या हाताचं होतं. कातडी ताणून धरायची, ढोलाच्या पानासारखी, मग वस्तरा आपोआप चालतो. आणि पातं गालावर उभं धरायचं नाही, जवळजवळ निजवायचं.

तरी कापायचंच. हनुवटीला, कानाखाली, गळ्याच्या घाटीपाशी. तुरटी चोळून रक्त थांबलं नाही की हळद दाबायची. पेठेत हळदीला काय तोटा? आठवडाभर मी पिवळे गाल घेऊन दुकानात जात होतो. हमाल विचारायचे, “हळद लागली व्हय गड्या? आमास्नी बोलवायचं न्हाई का?” मी भडकायचो. त्यांना तेवढंच पाहिजे असायचं.

पुढं पुढं मात्र मला त्या सकाळी आवडायला लागल्या. आता आठवतात त्या धुक्यातून दिसाव्यात तशा. कृष्णेवरून गार वारा यायचा, कुठंतरी देवळात घंटा व्हायची, तांब्यातल्या ऊन पाण्याची वाफ आरशावर बसायची आणि त्यातला चेहरा पुसट व्हायचा. फेसानं नाक-डोळे सोडून सगळं झाकलं की तो चेहरा माझाच आहे अशी खात्री वाटायची नाही. कपाळ आबांचं, भुवयांची ठेवण आबांची. मी फेसाचा एक पट्टा काढायचो आणि वाटायचं, आता खालून आबाच निघतील. निघायचो मीच. पण तेवढा एक क्षण मी रोज मुद्दाम लांबवायचो. सांगलीत राहून मला घरची आठवण कधी एवढी आली नव्हती.

हात बसला. सुलटी दाढी झाली, मग उलटीही जमली. एका शनिवारी मी स्वतःवर खूश होऊन वस्तरा ओठावर आणला, मिशीची कड नीट करायला. खाली बोळात कुणीतरी पोतं दणकन टाकलं. मी दचकलो, आणि माझी डावी मिशी फेसाबरोबर पाण्यात तरंगायला लागली.

उरलेली अर्धी ठेवून करणार काय? काढली. गड्यानं पांघरुणातून तोंड बाहेर काढलं, माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांगलीत सफाचट फिरणारे पुष्कळ होते, पण आमच्याकडं बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढत नाही. बाप गेला की न्हावी काढतो. आणि मला त्याच दिवशी गावी जायचं होतं; आईला तसा निरोप गेलेला. मिशी उगवेपर्यंत थांबलो असतो तर तिचा जीव टांगणीला लागला असता. मी धोतराचा पंचा तोंडाला गुंडाळला, धुरळा लागतोय असं दाखवलं आणि गाडीत बसलो.

विट्याला गाडी बदलली. उकडायला लागलं म्हणून पंचा खाली घेतला तो नेमका मायणीच्या आधी. मायणीला कोण चढावं? माझी आत्ती, आबांची धाकटी बहीण. ती तिथंच दिलेली. टोपली सांभाळत ती माझ्याच बाकापाशी आली, मला ओळखून तोंडभर हसली, आणि तिची नजर माझ्या ओठावर गेली. टोपली हातातून सुटली. अहो, काय सांगू! भर गाडीत तिनं असा टाहो फोडला की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. बाया तिला धरायला उठल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी ओरडून सांगतोय, आत्ती, आबा आहेत, चांगले आहेत, वस्तरा घसरला, आणि कुणी ऐकायला तयार नाही. जो तो मलाच समजावतोय की रडून घे बाबा, मोकळा हो.

शेवटी तिला कळलं. मग तिनं मला दोन धपाटे घातले, पुन्हा रडली, आणि दादाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाणी पिणार नाही म्हणाली. ती म्हसवडला निघाली होती, ते राहिलं. माझ्याबरोबर दहिवडीला उतरली आणि पुढची वाट माझ्या पुढं पुढं चालत राहिली. माझे पाय मात्र उचलत नव्हते. आबांनी हा ओठ बघितला की कळणारच, पोराचा हात कसला बसलाय तो. एकच संधी होती, आणि ती मी मिशीबरोबर पाण्यात सोडली, असं वाटून मला वाटेतच रडू फुटायच्या बेताला आलं.

घरी आबा नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून पडले होते. आईनं मला बघून तोंडाला पदर लावला. आत्ती थेट बाजेपाशी गेली आणि म्हणाली, “दादा, ह्या लेकरानं तुला जित्तेपनीच मारला बग.”

आबांनी हळूहळू मान वळवली. किती दिवसांनी मी तो चेहरा समोरून बघत होतो. दाढीच्या रानात नुसते डोळे उरले होते. ते माझ्या ओठावर थांबले. मला वाटलं, आता तोंड फिरवणार.

कशानं काढलीस, असं त्यांनी जड जिभेनं विचारलं. वस्तऱ्यानं, म्हणालो, शिकताना घसरला. कशाला शिकत होतास? मी म्हणालो, तुमची करायला.

बाहेर शेरडं ओरडत होती. मग त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलली आणि ते आईला म्हणाले, “पानी ऊन कर.” आणि मला, “माजी मिशी तेवडी ऱ्हाऊ दे.”

त्यांना उशीला टेकवून बसवलं. दुपारचं ऊन दारातून बाजेपर्यंत आलं होतं. मी दाढी आधी कात्रीनं बारीक केली, ऊन पाण्याचा पंचा बराच वेळ गालांवर धरला, फेस केला. आणि वस्तरा उघडला तेव्हा कळलं की सगळं उलटं आहे. आरशात शिकलेला मी. समोर खराखुरा माणूस, त्याचा डावा गाल माझ्या उजवीकडं. पुन्हा लुळ्या बाजूची कातडी सैल, पिशवीसारखी. तिथं कापलं तर त्यांना कळणारही नाही, रक्त मलाच दिसेल. मी डाव्या बोटांनी कातडी ताणली. आबांचा गाल मी जन्मात कधी हातात धरला नव्हता. तो इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं.

बारीक करकर सुरू झाली. आई आणि आत्ती उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. एक गाल झाला. दुसरा झाला. खालून आबा निघायला लागले, वाळलेले, पण तेच. हनुवटीचा खड्डाही बिनरक्ताचा सुटला. आता गळा राहिला. मी वस्तरा पुसला आणि थांबलो. मान वर करा असं त्यांना सांगायचा मला धीर होत नव्हता.

त्यांनी आपणच मान मागं टाकली. गळ्याची घाटी उघडी पडली, तिच्या बाजूची शीर उडत होती. मी फेस लावला, कातडी ताणली आणि एक पट्टा खाली आणला. दुसरा. तिसऱ्याला त्यांचा श्वास बदलल्यासारखा वाटला म्हणून मी वर बघितलं. आबांचे डोळे मिटलेले होते, जबडा सैल पडला होता. मी घाबरलो, हात तिथंच थबकला. मग कळलं. त्यांना झोप लागली होती. सोंगाची नव्हे, खरी, लहान पोरासारखी, माझ्या हातात उघडा वस्तरा असताना.

मी वस्तरा बाजूला घेऊन, डावी बोटं त्यांच्या गळ्यावरच ठेवून तसाच उभा राहिलो. गळ्यावरचा फेस सुकत गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, ऊन बाजेवरून भिंतीवर चढलं. आईनं खुणेनं विचारलं, मी खुणेनंच गप्प राहा म्हणालो. माझा खांदा भरून आला आणि डोळ्यांना धार लागली, ती पुसायला हात मोकळा नव्हता.

आबा जागे झाले, मान न हलवता माझ्याकडं बघितलं.

“का थांबलास रं?”

“आबा, तुमी झोपला हुता.”

“मग? तू हाईस न्हवं,” असं म्हणून त्यांनी परत डोळे मिटले.